सलग चौदा दिवस

चाळिसावी बाई काही केल्या मिळत नव्हती.

एकोणचाळीस जणी जमल्या होत्या, त्याही मिरज, सांगली, जयसिंगपूर पालथं घालून. मृणालनं मधुमेहाच्या दवाखान्यांत पत्रकं लावली, भिशीच्या बायकांसमोर भाषणं केली, एका मंगल कार्यालयाच्या मालकिणीला तर तीनदा जाऊन भेटली. वजन नव्वदीच्या पुढं गेलेल्या बायकांचा मिरजेत काय दुष्काळ आहे? पण औषधाच्या चाचणीत नाव घालू का म्हटलं, की "ह्यांना विचारून सांगते" म्हणून जी बाई जाते, ती परत फोन उचलत नाही. आणि चाळीसचा आकडा भरल्याशिवाय मिरजेच्या केंद्राला सुरुवात करायची परवानगी नव्हती.

मृणाल या केंद्राची समन्वयक होती. लोकांना चाचणी समजावून सांगायची, त्यांच्या तारखा सांभाळायच्या, रक्ताच्या नळ्या वेळेवर रवाना करायच्या आणि घरी काय खाल्लं, काय दुखलं याच्या वह्या तपासायच्या, हे काम ती अकरा वर्षं करत होती. कागदोपत्री प्रमुख डॉक्टर कित्तूर. पण चाचणी चालते ती समन्वयकाच्या जिवावर, असं ते स्वतःच चारचौघांत सांगत.

शेवटी तिला आठवली रत्नावहिनी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

रत्नावहिनी म्हणजे तिच्या विलासदादाची बायको. आई गेली तेव्हा मृणाल नऊ वर्षांची होती. त्यानंतर सहाच महिन्यांनी बावीस वर्षांची रत्ना त्या घरात सून म्हणून आली आणि आल्या आल्या एक वाढती पोर तिच्या गळ्यात पडली. तिनं कधी कुरकुर केली नाही. वहिनीचं सगळं प्रेम ताटातून यायचं. दुसरी भाकरी हवी का, असं ती विचारायची नाही. भाकरी ताटात टाकायची आणि वर तुपाचा चमचा उपडा करायची. मृणाल लग्न होऊन दुसऱ्या गल्लीत गेली तरी रोज सकाळी अकराला वहिनीचा फोन ठरलेला: "डबा खाल्लास का गं?" या साऱ्या वाढण्यात वहिनी स्वतःही मागं राहिली नाही. चोपन्नाव्या वर्षी वजन एकशे आठ किलो, साखर हाताबाहेर, आणि गुडघे असे, की घराच्या तीन पायऱ्या उतरायच्या तर भिंतीला धरून.

चाचणीत कर्मचाऱ्यांचे जवळचे नातेवाईक घेता येत नाहीत. मृणालनं नियमावली काढून वाचली. जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, नवरा, मुलं, सख्खी भावंडं. भावाची बायको त्यात नव्हती. तिला हायसं वाटलं. आईच्या जागी असलेल्या बाईला त्या यादीत रकाना नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पण तेव्हा तिला चाळिसावं नाव हवं होतं.

औषधाला अजून नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. केंद्रात सगळे त्याला 'सत्तावन्न' म्हणत.

आपण जेवतो तेव्हा लहान आतड्याच्या शेवटाकडच्या काही पेशी रक्तात एक संप्रेरक सोडतात. ते मेंदूला सांगतं, आता पुरे. मेंदूच्या तळाशी भुकेच्या काही हजार चेतापेशी असतात. त्या गप्प होतात आणि आपण हात धुवायला उठतो. हा निरोप मोठा अल्पायुषी. दोन-तीन मिनिटांत रक्तातलं एक विकर त्याचे तुकडे करून टाकतं. म्हणून तर भरपेट जेवलेला माणूसही तासाभरात भज्यांच्या वासानं उठून बसतो. आठवड्याला एक टोचायच्या सुया निघाल्या, त्यांनी या संप्रेरकाची टिकाऊ नक्कल केली आणि निम्मं जग बारीक झालं. पण सुई सोडली, की उतरलेलं वजन पुन्हा चढायचं. आणि सुई काय, पथ्य काय, माणूस कधी ना कधी सोडतोच.

सत्तावन्ननं ती सुईच काढून टाकली. इंजेक्शन एकदाच. विषाणूच्या निरुपद्रवी केलेल्या कवचातून एक जनुक यकृताच्या पेशींत जायचं, आणि मग त्या पेशी एक सोडून तीन टिकाऊ संप्रेरकं स्वतःच तयार करत राहायच्या, जन्मभर. नको झालं तर एक गोळी होती. तीन आठवडे ती घेतली, की ते जनुक झोपी जायचं. डॉक्टर कित्तूर त्या गोळीला बटण म्हणत.

धोका माहीत नव्हता असं नाही. माकडांवरच्या प्रयोगात एक गोष्ट दिसली होती. भूक पार नाहीशी होऊन महिनोन्महिने तशीच राहिली, तर भुकेच्या त्या चेतापेशी नुसत्या गप्प बसत नाहीत, वाळायला लागतात. वेळेवर गोळी दिली तर पुन्हा तरारतात. म्हणून एक नियम पक्का केला होता. प्रत्येक बाईनं रोज वहीत आपल्या भुकेला शून्य ते दहा गुण द्यायचे. सलग चौदा दिवस शून्य आलं, की बटण बंद. त्या बाईपुरती चाचणी संपली.

नियम साधा होता, शहाण्या माणसांनी केलेला होता. त्यांना फक्त आपल्याकडचा श्रावण ठाऊक नव्हता.

पहिल्याच महिन्यात परदेशातल्या कंपनीच्या संगणकानं बोंब मारली. मिरजेच्या बायका वाटेल तेव्हा जेवण टाळतात, भुकेचे गुण शून्यावर जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा! तिकडच्या संख्याशास्त्रज्ञानं घाबरून विचारलं, तुमच्याकडे साथबिथ आलीय का? मृणालला हसू आवरेना. तिनं त्याला सोमवार समजावला, गुरुवार समजावला, संकष्टी, एकादशी, हरतालिका समजावली. उपासाच्या दिवशी भूक किती लागली हे बाई खरं सांगणार नाही, कारण भूक लागली म्हटलं तर उपास लटका पडतो. आणि साबुदाण्याची खिचडी जेवणात धरायची की नाही हे तर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मग तिनंच सुचवलं: वहीत एक वेगळी चौकट घाला, 'आज उपास'. तिथं खूण असेल तो दिवस मोजायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून मोजणी नव्यानं.

सगळ्यांना ते इतकं पटलं, की राज्यातल्या अकराही केंद्रांत ती चौकट आली. पुण्याच्या बैठकीत मृणालचं नाव घेऊन टाळ्या वाजल्या. स्थानिक माणूस सोबत असला म्हणजे विज्ञान कसं शहाणं होतं, यावर एक साहेब दहा मिनिटं बोलले. मृणाल त्या दिवशी फार खूश होती.

पहिले सात-आठ महिने सोन्याचे गेले. वहिनी एकशे आठवरून ब्याऐंशीवर आली. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या. एक दिवस ती केंद्राचे दोन जिने चढून वर आली, धापा न टाकता, आणि वजनकाट्यावर उभी राहून म्हणाली, "मृणू, ब्लाउज सगळे सैल झाले बघ. शिंपीणबाई विचारत होती, तुम्ही त्याच का म्हणून."

विलासदादा पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झाला होता. तो बायकोला रोज संध्याकाळी तळ्याकडं फिरायला न्यायला लागला. "लग्नात सुद्धा एवढी बारीक नव्हती ही," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि वहिनी लाजायची.

मग वहिनीचे उपास वाढले. पूर्वी तिची महिन्यातून एक संकष्टी तेवढी असायची. त्यात सोमवार आला, शनिवार आला. पुढं एकाआड एक दिवस काही ना काही निघायचंच. मृणाल रविवारी गेली तर ताट वाढून वहिनी बाजूला बसलेली.

"तू नाही जेवत?"

"आज भानुसप्तमी."

"हे कुठून काढलंस आता?"

"असतंय की पंचांगात," वहिनी म्हणाली आणि मृणालच्या पानात भात वाढला. एकदाच वाढला. दुसऱ्यांदा घे म्हणाली नाही. तेव्हा मृणालला बरंच वाटलं. आग्रहाला नाही म्हणायची कटकट वाचली.

अकराचा फोनही याच सुमारास बंद झाला. तेही तिच्या लक्षात आलं होतं. पण त्या तिमाहीत तपासनीस यायचे होते, वह्यांचे गठ्ठे पडले होते, आणि भर कामात फोन वाजत नाही याची माणूस चौकशी करत नाही. दादा तर अभिमानानं सांगायचा, "देवाला लागली बघ तुझी वहिनी."

अठराव्या महिन्यात बिल्किस सतारमेकर तपासणीला आली. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीतली, पस्तिशीची, सदा हसतमुख बाई. शहाण्णव किलोवर चाचणीत आली होती. काटा आता एकोणपन्नास दाखवत होता. तिच्या वहीत 'आज उपास' या चौकटीत आठवड्याला चार-पाच खुणा होत्या. मृणालनं त्या आधी पाहिल्या नव्हत्या असं नाही. ईदनंतर सहा रोजे ठेवतात, एवढं तिला माहीत होतं; स्वतःच्या या माहितीवर ती खूश होती आणि तेवढ्यावर तिनं पुढची पानं उलटली होती. पण ईद होऊन आता चार महिने झाले होते.

"बिल्किसबी, हे रोजे कसले?"

बिल्किस थोडी चाचरली. "रोजे नाहीत ताई."

"मग?"

"घरात नको म्हटलं तर सासू पाठ सोडत नाही. बरं नाही का, काय झालं, डॉक्टरकडं चल. रोजा आहे म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. तुमच्यातही तसंच असतंय न्हवं उपासाचं? तुमच्या वहीतपण ती चौकट होतीच. मला वाटलं, त्याच्यासाठीच केलीय."

मृणालनं बिल्किसला चहा दिला, खुर्चीत बसवून ठेवलं आणि आपल्या टेबलाशी जाऊन संगणकात चाळीस जणींच्या वह्या उघडल्या. उपासाच्या दिवसांमुळं मोजणी तुटायची, ती अट तिनं काढून टाकली. उपास हे शून्यच धरलं आणि पुन्हा मोजलं.

काम दोन मिनिटांचं होतं. चाळिसांपैकी सतरा जणी चौदाचा आकडा कधीच्या ओलांडून गेल्या होत्या. चौकटीतल्या एकेका खुणेनं त्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत राहिली होती. चाळिसावं नाव रत्नप्रभा विलास चौगुले. तिचं बटण दहा महिन्यांपूर्वीच बंद व्हायला हवं होतं.

डॉक्टर कित्तूर भले गृहस्थ होते, हेही सांगायला हवं. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच दुपारी कंपनीला आणि सरकारला कळवलं. अकराही केंद्रांतली चाचणी थांबली. "तुमची एकटीची चूक नाही," ते मृणालला म्हणाले. "त्या चौकटीला आम्ही सगळ्यांनीच मान डोलावली." मृणालला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मान डोलावणाऱ्यांपैकी कुणाची रत्नावहिनी त्या यादीत नव्हती.

सतरा जणींना गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत रक्तातली संप्रेरकं उतरून सामान्य झाली. गोळीनं आपलं काम चोख केलं. नऊ जणींना भूक लागली. एकीनं तर केंद्राच्या दारातच वडापाव खाल्ला आणि रडली. बिल्किसलाही पाचव्या आठवड्यात भूक लागली. उरलेल्या आठ जणींच्या मेंदूची चित्रं काढली. त्या सूक्ष्म जागी जिथं भुकेच्या पेशींचा ठिपका उजळायला हवा होता, तिथं काळं होतं. त्या आठांत वहिनी होती.

भूक गेली म्हणजे जेवणाची आठवण गेली, एवढंच असतं तर घड्याळ लावून जगता आलं असतं. पण निसर्गानं माणसाला हवंसं वाटायला वेगवेगळी यंत्रं दिलेली नाहीत. भाकरी हवी, पाणी हवं, माणूस हवं, उद्याचा दिवस हवा, या सगळ्याला ओढ देणारी वाट मेंदूत एकच आहे आणि तिचा उगम भुकेपाशी आहे. डॉक्टर कित्तूरांनी दादाला हे कागदावर चित्र काढून समजावलं. दादानं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

दादा स्वयंपाक शिकला. दिवसातून चार वेळा त्याच्या फोनची घंटा वाजायची आणि तो ताट घेऊन वहिनीसमोर बसायचा. ती सुरुवातीला सांगितलं तेवढं खायची. पुढं घास तोंडात तसाच राहायला लागला. गिळायचं राहूनच जायचं तिचं. वजन त्रेचाळीसवर आलं. नागपूरला लेक ऋचाला मुलगी झाली. फोनवर बाळ दाखवलं तेव्हा वहिनीनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "छान आहे." पुन्हा दाखव म्हणाली नाही.

"मृणे," दादा एकदा परसात भांडी घासताघासता म्हणाला, "तीस-बत्तीस वर्षं ही माझ्याशी भांडली. मिठावरून भांडली, टीव्हीवरून भांडली. आता मी मुद्दाम आमटीत डबल मीठ घातलं. खाल्लं तिनं."

मृणालनं बरेच दिवस टाळलं होतं, ते एका दुपारी केलं. दादा औषधं आणायला गेला होता. वहिनी खिडकीपाशी बसली होती. तिला बसवलं की ती बसायची.

"वहिनी, वहीत इतके उपास का लिहिलेस गं?"

"भूक नव्हती म्हणून."

"मग भुकेपुढं शून्य लिहायचं होतंस. मी हजारदा सांगितलं होतं."

"लिहिलं की. बारा दिवस लिहिलं." भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात ती बोलत होती. "चौदा झाले की काढून टाकतात, असं तूच म्हणाली होतीस. चाळीस बायका गोळा करताना तू किती वणवण केलीस ते बघितलं होतं मी. मी निघाले असते तर तुझ्या कामाला खोट आली असती. मग तेराव्या दिवशी उपास लिहिला. पुढंही तसंच."

"अगं पण उपास केला तरी होतास का?"

"जेवले नाही म्हणजे उपासच की."

मृणालनं तिचे हात हातात घेतले. नुसती हाडं लागली. "चूक माझी आहे वहिनी. ती चौकट मी घातली. तुला यात मी ओढलं. सगळं मीच केलं."

"असू दे."

"असू दे काय? रागव माझ्यावर. दोन शिव्या घाल."

"कशाला?" वहिनीनं विचारलं. ती मनापासून विचारत होती. क्षमा करायलाही आधी दुखावं लागतं, आणि वहिनीला काही दुखत नव्हतं. मृणालला त्या घरात रडायचीही लाज वाटली. ती मोरीत जाऊन तोंड धुऊन आली.

एक वाट उरली होती. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत रुग्णाच्याच त्वचेपासून भुकेच्या नव्या चेतापेशी तयार करत आणि कवटीतून बारीक सुई घालून मेंदूच्या तळाशी पेरत. आतापर्यंत अकरा जणांवर केलं होतं. सात जणांना भूक परत आली होती, तिघांना काही फरक पडला नव्हता, एक दगावला होता. आजूबाजूचे चेतातंतू पुरते सुकायच्या आत हे करायला हवं होतं, आणि वहिनीची चित्रं पाहून तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं: महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर पेरून उपयोग नाही.

मेंदूतली प्रायोगिक शस्त्रक्रिया, म्हणून एथिक्स कमिटीची अट होती: संमती कॅमेऱ्यासमोर, रुग्णाच्या स्वतःच्या तोंडून. रुग्णाला समजत नसेल तरच नवऱ्यानं सही करायची. आणि वहिनीला समजत नव्हतं असं काहीच नव्हतं. तिला तारीख माहीत होती, वार माहीत होता, शंभरातून सात-सात वजा करत ती थेट दोनपर्यंत गेली. अकरांपैकी किती मेले, हेही तिनं बरोबर सांगितलं.

पहिल्या वेळी मृणालनंच प्रश्न विचारला. "तुम्हाला हा उपचार करून घेण्याची इच्छा आहे का?"

"तू म्हणतेस तर करू," वहिनी म्हणाली.

कमिटीनं ते परत पाठवलं. नातेवाइकाचा दबाव दिसतो, त्रयस्थ व्यक्तीनं विचारावं. मग पुण्याहून एक बाई आल्या, शांत, समजूतदार. त्यांनी अर्धा तास सगळं समजावलं आणि तोच प्रश्न केला. वहिनीनं विचार केला. "इच्छा तशी कशाचीच होत नाही बाई."

"म्हणजे नको आहे?"

"नको, असंही नाही."

डॉक्टर कित्तूर कमिटीपुढं तासभर भांडले. इच्छा नसणं हाच तर आजार आहे, आजाऱ्याला आजाराच्या तोंडून काय विचारता! कमिटीच्या अध्यक्षबाईंना ते कळत होतं. पण लोकांच्या डोक्यात त्यांच्या मर्जीविरुद्ध सुया घालण्याचे प्रकार जगात झालेले आहेत, म्हणूनच हा नियम आहे, असं त्या म्हणाल्या. नियमात फट पाडली तर उद्या तिच्यातून कोण शिरेल सांगता येत नाही. अशीच एक फट सोयीसाठी मृणालनं पाडली होती. तिसरी आणि शेवटची संधी मिळाली, अठ्ठावीस तारखेला.

सत्तावीसला मृणाल दादाच्या घरी गेली आणि अकरा वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. तिनं सहभागी बाईला उत्तर पढवलं.

"वहिनी, उद्या त्या बाई विचारतील, इच्छा आहे का. तू फक्त हो म्हणायचंस. दुसरं काही बोलायचं नाही. काय म्हणशील?"

"हो."

"पुन्हा म्हण."

"हो."

दादा दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं देवापुढं निरांजन लावलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात कॅमेरा सुरू झाला. पुण्याच्या बाईंनी सगळं पहिल्यापासून वाचलं. मृणाल आणि दादा भिंतीशी उभे होते. "तर रत्नप्रभाताई, हा उपचार करून घेण्याची तुमची इच्छा आहे का?"

"हो," वहिनी म्हणाली.

दादानं मृणालचं मनगट धरलं. पुण्याच्या बाईंच्या चेहऱ्यावरही सुटल्यासारखं दिसलं. पण यादीत अजून एक प्रश्न होता आणि तो विचारल्याशिवाय संमती पुरी होत नव्हती. "हे उत्तर द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं आहे का?"

"मृणालनं सांगितलंय. हो म्हणायला."

दादानं मृणालचं मनगट सोडलं.

"आणि तुमचं स्वतःचं?" बाईंनी हळूच विचारलं.

"माझं काही नाही."

कॅमेरा बंद केला. बाईंनी कागद भरला: सहभागी व्यक्ती पूर्ण शुद्धीत व सक्षम असून तिची उपचारास संमती नाही. त्यांनी मृणालकडं पाहिलं आणि कागद तिच्यापुढं सरकवला. खाली केंद्राच्या समन्वयकाची सही लागत होती. मृणालनं सही केली. खोटं असं त्या कागदात एकही अक्षर नव्हतं.

दादा रिक्षा बघायला म्हणून बाहेर गेला. जिन्यात त्याचा हुंदका ऐकू आला, मग पावलं.

मृणाल वहिनीसमोर गुडघे टेकून बसली. "का गं सांगितलंस त्यांना? एक शब्द पोटात ठेवायचा होतास. एवढं एक खोटं बोलायचं होतंस."

"खोटं कशाला बोलू?"

"माझ्यासाठी बोलली होतीस की. वर्षभर बोलली होतीस, वहीत, रोजच्या रोज!"

वहिनीनं तिच्याकडं पाहिलं. प्रश्न तिला नीट कळला होता आणि ती त्याचं खरं उत्तर शोधत होती.

"तेव्हा तुला वाईट वाटू नये, असं वाटायचं," ती म्हणाली.

खाली रिक्षा आली. दादानं वर येऊन वहिनीच्या पायांत चपला सरकवल्या, एका बाजूनं तिला धरलं, दुसऱ्या बाजूनं मृणालनं धरलं आणि चल म्हटल्यावर ती उठली.